दोरीशी बोलायचं नाही

२ फेब्रुवारी

पोचलो एकदाचे. बसमधून उतरताना टिल्लूने शहाणपणा करून माझी बॅग डोक्यावर घेतली, ती दाराच्या चौकटीला अडकली आणि सुटून थेट कंडक्टरच्या पायावर पडली. कंडक्टर जे बोलला ते रोजनिशीत लिहिण्यासारखं नाही. मला हसू आवरेना, त्यामुळे तो आणखीच पेटला.

टिल्लू म्हणजे माझा धाकटा भाऊ. शाळेत वर्गातला सगळ्यात बुटका म्हणून टिल्लू. आता सहा फूट उंच आहे, दारातून वाकून जातो, पण नाव चिकटलं ते चिकटलं. आई-बाबा गेल्यापासून तो माझ्याकडेच असतो. फोटो काढतो, ते कोणी विकत घेत नाही, आणि त्याचं त्याला काही वाटतही नाही. इथे गुहेच्या पाट्यांसाठी फोटो लागणारच आहेत, म्हणून त्याला बरोबर आणलं असं मी सगळ्यांना सांगितलं आहे. खरं म्हणजे मला त्याच्याशिवाय करमत नाही. हे त्याला कळलं तर डोक्यावर बसेल.

आठ वर्षं कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. म्हणजे मोठमोठ्या माणसांनी हेल्मेट घालावं म्हणून त्यांच्या मागे धावणं. त्यानंतर चार महिने समुद्राकाठी म्हणजे मला सुट्टीच वाटते आहे. गावाच्या टोकाला कड्याखाली एक गुहा आहे. भरतीला ती पूर्ण बुडते आणि मोठ्या ओहोटीच्या दिवसांत दिवसातून दोनदा तास-दीड तास उघडी पडते. गेल्या मोसमात एक प्रवासी आत बुडाला तेव्हापासून ती बंद आहे. ती सुरक्षितपणे कशी दाखवता येईल याची योजना मी करायची आहे.

खोल्या दोन, वरच्या मजल्यावर. खिडकीतून खाडी दिसते. नळ ठणठणतो, पलंग कुरकुरतो, बाकी झकास. खाली घरमालकीण काकू राहतात. त्या आसपासच्या लॉजचे कपडे धुतात, त्यामुळे अंगणभर चादरी आणि सकाळपासून कपडे बडवायच्या लाकडी मोगरीचा धपाधप आवाज. काकूंच्या उजव्या हाताची चार बोटं वेडीवाकडी आहेत. माझी नजर गेलेली पाहून त्यांनीच सांगितलं की हे आमच्या ह्यांचं काम. आधी हात मोडला आणि मग मागितला. सांगून स्वतःच खदाखदा हसल्या.

३ फेब्रुवारी

गुहेचा कारभार बघणाऱ्या समितीच्या कार्यालयात गेले. कड्याच्या वरच एक लांबट खोली, चार टेबलं, एक लोखंडी कपाट आणि भिंतीवर भरती-ओहोटीचं कोष्टक. अध्यक्ष गोड बोलतात. मोसम सुरू व्हायच्या आत योजना हवी, एवढंच त्यांचं म्हणणं तीन वेळा ऐकलं.

गुहा दाखवणारे वाटाडे इथे बरेच आहेत, पण माझी गाठ आहे ती दोघांशी. एक मुकादम. गळा असा की कड्यावरून बोलले तर खाली पाण्यात ऐकू येतं. मी बसले होते तेवढ्यात उशिरा आलेल्या एका वाटाड्याच्या कानाखाली त्यांनी असा आवाज काढला की माझ्या हातातली पेन्सिल पडली. दुसरा शेपट्या. तो कायम रांगेच्या शेवटी चालतो म्हणून शेपट्या. मवाळ माणूस, बोलताना पायाकडे बघतो, टिल्लूशी पाच मिनिटांत दोस्ती झाली.

दोघांच्याही कमरेला मोगरी होती. काकूंच्या मोगरीपेक्षा आखूड, जड, हाताळून गुळगुळीत झालेली. खुंट्या ठोकायला असणार असं मी धरून चालले. आणि दोघांचीही बोटं वाकडी. टिल्लूचं म्हणणं, या गावात हस्तांदोलन म्हणजे कोडं सोडवणं. मी त्याला पायाने ढोसलं.

५ फेब्रुवारी

आज आत जाऊन आले. अजून अंगात हुरूप आहे.

तोंड रुंद आहे, दोन ट्रक शेजारी-शेजारी जातील. खडक कालवांच्या कवचांनी भरलेला, हात टेकला की कापतो, म्हणून हातमोजे सक्तीचे करायचे. पुढे छत खाली येतं, मग पुन्हा उंच होतं आणि एक गोल दालन लागतं. तिथे हिरवट उजेड पाण्यातून वर येतो. टिल्लू फोटो काढायचाच विसरला. दालनाच्या मागच्या भिंतीत कमरेच्या उंचीवर एक फट आहे. टिल्लूने हात घालून पाहिला. कोपरापर्यंत गेला, पुढे नाही. शेपट्याने त्याला कॉलर धरून मागे ओढलं, मवाळ माणसाच्या मानाने बऱ्याच जोरात.

दोरीची पद्धत चांगली आहे. आतल्या टोकाला लोखंडी वजन असतं, ते पुढचा माणूस मागच्या भिंतीपाशी नेऊन ठेवतो. बाहेरचं टोक तोंडापाशी लोखंडी खांबाला एक वेढा देऊन एकाच्या हातात. आतले सगळे दोरी धरून चालतात, म्हणजे उजेड गेला तरी बाहेरची वाट हातात राहते. सगळे बाहेर आले की शेपट्या दोरी गुंडाळत वजन ओढून घेतो. फक्त कोणी दोरीला हिसका दिलेला मुकादमांना चालत नाही. दोरी धरायची, दोरीशी बोलायचं नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं. का, असं विचारलं तर म्हणे आमचा बाप सांगायचा. बापाला विचारलं नाही का? तर म्हणे बापाला विचारलं की मार पडायचा.

परतताना एक गोष्ट माझ्या बाजूने घडली. मुकादम आणखी थोडं थांबायला तयार होते, पण बाहेर लाटांचं अंतर कमी झालेलं मला दिसलं आणि मी सगळ्यांना हाकललं. आम्ही वर पोचतो तोच एक लाट तोंडात अशी घुसली की कड्याला हादरा बसला. मुकादमांनी मला आपल्या कपातला अर्धा चहा दिला. हा इथला मोठा सन्मान आहे असं काकू म्हणतात.

६ फेब्रुवारी

राग मावत नाही, म्हणून आधी लिहून काढते.

आज पुन्हा आत गेलो. दालनात सगळे स्तब्ध उभे असताना दोरी ताणली गेली. थोडीशीच. मला वाटलं वजन पाण्याने सरकलं. मुकादम ओरडले, सोडा. सगळ्यांनी हात सोडले. शेपट्याचा सुटला नाही. त्याची मूठ दोरीवर बंद झाली होती आणि तो एकेक पाऊल भिंतीकडे सरकत होता, टाचा रोवून, तोंडातून आवाज न काढता. मुकादमांनी त्याचा हात खडकावर दाबला आणि मोगरी घातली. तीन घाव. हाडाचा आवाज दालनात घुमला. मूठ उघडली. दोन बोटं मागच्या बाजूला वळलेली, त्यातून पांढरं बाहेर आलेलं.

आणि शेपट्या मुकादमांना म्हणतो, उपकार झाले.

उपकार! बुडणारा माणूस हाताला लागेल ते घट्ट धरतो आणि सोडत नाही, हे मलाही माहीत आहे. भीतीने स्नायू आखडतात. त्याला समजवायचं असतं, थोपटायचं असतं. हाडं फोडायची नसतात.

७ फेब्रुवारी

अध्यक्षांसमोर वाद झाला. मी म्हटलं, एकतर मोगऱ्या राहतील नाहीतर मी. मुकादम म्हणाले, मग बाई जाऊ देत. अध्यक्षांनी मधाचं बोट लावून त्यांना गप्प केलं. उद्या प्रवाशांसमोर कोणाची बोटं मोडली तर वर्तमानपत्रात काय छापून येईल, एवढं त्यांना बरोबर कळतं.

सगळ्या मोगऱ्या मोजून घेतल्या, लोखंडी कपाटात ठेवल्या, कुलूप लावलं आणि किल्ली माझ्याकडे. मुकादमांनी आपली मोगरी टेबलावर ठेवली नाही, टाकली. ज्या दिवशी लागेल त्या दिवशी तुमच्या मागे धावायला लावू नका, असं म्हणाले. मला बरं वाटलं नाही, पण मी बरोबर आहे.

काकूंना सांगितलं. त्यांनी चादर पिळता पिळता विचारलं, मग हात कसा सोडवणार गं? मी समजावून सांगायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढची चादर घेतली.

११ फेब्रुवारी

योजनेत एकच भोक राहिलं होतं. आतला माणूस बाहेरच्याशी बोलणार कसा? हाका लाटांत बुडतात, शिटी घुमते, फोन चालत नाही. उत्तर समोरच पडलेलं आहे. दोरी! एक हिसका म्हणजे थांबा. दोन म्हणजे ठीक आहे. तीन म्हणजे ओढा, संकट. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम, दोन हिसके आले की दोन देऊन उत्तर द्यायचंच. उत्तर नाही म्हणजे संकट. एवढं साधं काम पिढ्यान् पिढ्या कोणाला सुचू नये!

टिल्लू आणि मी अंगणात काकूंच्या कपड्यांच्या दोरीवर सराव केला. मधे चादरी वाळत घातलेल्या, त्यामुळे एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं. छान जमलं. मग टिल्लूच्या अंगात आलं. म्हणाला, चार म्हणजे चहा टाक. चार हिसके, मी चहा टाकला. मग चादरीपलीकडून पाच आले. विचारलं, हे काय? म्हणाला, पाच म्हणजे ताई, मी मेलो, कॅमेरा तुला. मी चादर बाजूला सारून त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि बजावलं, पाच नाही, पुन्हा गमतीतही नाही. तो कान धरून हसत बसला. चार चालू दे म्हणाला. चालू दिलं.

१६ फेब्रुवारी

योजना पूर्ण झाली. कधी जायचं, कधी निघायचं, लाटा कशा असल्या तर जायचंच नाही, किती माणसं, कोण कुठे. मी लिहिलेलं मलाच आवडलं.

वाटाड्यांना खुणा शिकवल्या. मुकादम कार्यालयातून उठून गेले. मला जिद्द चढली, परत आणून बसवलं. शेवटी त्यांनी एक हिसका दिला, तोही दोरीकडे न बघता. शेपट्या प्लॅस्टर घातलेला हात छातीशी धरून डाव्या हाताने सराव करत होता. त्याला जमलं की टिल्लू टाळ्या वाजवायचा. तेव्हा तो पहिल्यांदा वर बघून हसला.

वीस तारखेला मोठी ओहोटी आहे. समितीचे सदस्य प्रवासी बनून येणार, टिल्लू फोटो काढणार. ही फेरी नीट झाली की मोसम सुरू.

१९ फेब्रुवारी

समुद्र शांत. वारा नाही. उद्यासाठी यापेक्षा चांगलं हवामान मागून मिळालं नसतं.

टिल्लूने कॅमेऱ्याचं भिंग तीनदा पुसलं. काकूंनी त्याला सांगितलं की दोरी डाव्या हाताने धर. का, तर म्हणे उजवा पुढे कामाला येतो. तो हसला. मी पण हसले.

२० फेब्रुवारी

लिहिता येत नाही. उद्या.

२१ फेब्रुवारी

लिहायलाच हवं. पोलिसांनी पंचनाम्यात समुद्राचा अपघात असं लिहिलं आहे. अध्यक्षांनी तसंच सांगितलं. मी बाजूला उभी होते आणि गप्प राहिले.

सगळं वेळेवर झालं होतं. मी खांबापाशी, दोरीचं टोक माझ्या हातात. दोन हिसके आले, मी दोन दिले. पुन्हा दोन, पुन्हा दोन. मग चार आले. टिल्लू आतून चहा मागत होता! मला हसू फुटलं. सगळे ठरल्या वेळी बाहेर आले. मुकादम, सहा सदस्य, टिल्लू, शेवटी शेपट्या. मी मोजले. सगळे. सदस्यांनी टाळ्या वाजवल्या, अध्यक्ष माझा हात हातात घेऊन काहीतरी गोड बोलत होते. शेपट्या डाव्या हाताने दोरी गुंडाळायला लागला होता.

आणि आतून दोन हिसके आले.

नीट. मोजून. मधे ठेवायला शिकवलं होतं तेवढं अंतर ठेवून.

सगळ्यांनी पाहिलं. मुकादम माझ्याकडे बघत मान हलवत होते, नाही, नाही. आत कोणी नव्हतं. मला माहीत होतं आत कोणी नाही. पण दोन आले की उत्तर द्यायचंच. मीच लिहिलं होतं. चार दिवस मीच सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं. हात आपोआप गेला.

मी दोन दिले.

मग दोरी आत खेचली गेली. माझ्या हातातून सुटली, तळव्याची कातडी घेऊन गेली. शेपट्याच्या मुठीतून सुटली नाही. तो तोंडावर पडला आणि कालवांवरून फरफटत आत— चेहरा खडकावर— टिल्लूने झेप घेऊन त्याची कंबर धरली, आणि मग त्याच्या पुढे हात घालून दोरी धरली. उजव्या हाताने. दोघंही जायला लागले. मुकादम ओरडत होते, मोगरी, मोगरी. मोगऱ्या वर कपाटात. किल्ली माझ्या खिशात. कडा चढून जायला—

मुकादमांनी दगड उचलला. टिल्लूच्या हातावर घातला. पुन्हा घातला. टिल्लू किंचाळत होता आणि मूठ उघडत नव्हती. कितव्या घावाला उघडली माहीत नाही. त्याची बोटं— तो सुटला. तोवर शेपट्या आत गेला होता.

मुकादम धावले आत. बाहेर आले तेव्हा बरगड्या धरून चालत होते आणि त्यांचा चेहरा मी ओळखला नाही. ते एवढंच बोलले की तो फटीतून गेला.

त्या फटीतून कोपराच्या पुढे हात जात नाही.

म्हणाले, गेला. अर्धा फटीच्या काठावर राहिला, बाकीचा गेला.

नंतर भरती आली, तिच्या पहिल्या पाण्याला रंग होता.

२२ फेब्रुवारी, सकाळ

मी मारलं त्याला. कोणी म्हणत नाही. मुकादम दार लावून बसले आहेत. मी कपाटाची किल्ली त्यांच्या उंबऱ्यावर ठेवून आले.

टिल्लूला ताप. डॉक्टरांनी हात बांधला. तीन बोटं राहतील की नाही सांगता येत नाही, शहरात न्या म्हणाले, पण आज हलवू नका. उद्या सकाळची बस. बॅगा भरल्या.

त्याच्या उशाशी बसले आहे. शुद्धीवर आला की विचारतो, शेपट्या कुठाय? मी सांगते, झोप.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळ

बांधलेला हात चादरीखाली हलतो. आधी वाटलं तापामुळे. मग मोजलं.

दोन. थांबतो. दोन. थांबतो.

टिल्लू झोपलेला असतानाही.

काकूंना बोलावलं. त्यांनी पाहिलं आणि खाली बसल्या. त्यांच्या सांगण्यावरून, ताबडतोब मोडलं की सुटतं. त्यांचं ताबडतोब मोडलं होतं. टिल्लूचं उशिरा मोडलं. उशिरा मोडलं तर काय होतं? माहीत नाही म्हणतात, आजवर कोणी उशीर केला नव्हता. मग त्यांनी विचारलं, आणि तू त्याला उत्तर देतेस का? मी म्हटलं, नाही, शपथ, नाही. त्यांनी माझा हात घट्ट धरून ठेवला.

मी उत्तर देत नाही. तो मागतो आहे आणि मी देत नाही.

झोपेत एकदा म्हणाला, ताई, उत्तर का देत नाहीस.

२३ फेब्रुवारी

डोळा लागला. उजाडताना जाग आली, पलंग रिकामा.

जिन्यावर हाताची पट्टी सुटून पडलेली, पायऱ्यांवरून खाली, अंगणातून, फाटकापर्यंत. पुढे रस्त्यावर थेंब. कडा. पायवाट. काकूंना हाक मारून पळत—

२३ फेब्रुवारी, खडकावर

रोजनिशी पिशवीत होती. डाव्या हाताने लिहिते आहे. लिहिलं नाही तर ओरडेन, आणि ओरडले तर थांबता येणार नाही.

ओहोटी लागली आहे. तोंड उघडं. टिल्लूच्या चपला तोंडापाशी, शेजारी-शेजारी, नीट ठेवलेल्या. घरी कधी त्याने चपला नीट ठेवल्या नाहीत.

दोरी बाहेर आली आहे. आख्खी आत गेली होती ती. टोक खांबाला एक वेढा घालून ठेवलेलं. आम्ही घालायचो तसाच वेढा.

हात लावणार नव्हते. खरंच नव्हते. मग ती हलली. चार.

चहा टाक ताई.

धरली मी. धरणारच. माझा टिल्लू आहे तो.

मूठ बंद झाली. उघडत नाही. दुखत नाही, फक्त ती माझी राहिलेली नाही.

काकू आल्या. धापा टाकत. कपड्यांची मोगरी आहे त्यांच्याकडे, ओली. म्हणतात हात ठेव बाळा खडकावर, आत्ता लगेच, अजून वेळ गेली नाही.

मोडला तर दोरी जाईल. तो आत आहे. मोडला तर मी त्याला सोडलं—

चार पुन्हा.

पण चार त्याने आत दिले होते त्या दिवशी. गमतीत. तिथे उभा राहून दिले होते. ऐकलं असेल ज्याने ऐकायचं. दोन शिकलं तसं चार शिकलं.

म्हणजे चार म्हणजे टिल्लू नाही. असेल किंवा नसेल.

काकू रडत आहेत, मोगरी वर धरून. मी म्हटलं थांबा, एकदाच विचारते. टिल्लू असेल तर ओढून काढू, तुम्ही पण धरा. त्या म्हणाल्या मी धरणार नाही गं, मला माहीत आहे ते काय असतं. बरं. मी एकटी ओढेन.

दोन दिले मी. ठीक आहेस ना.

काही नाही.

काही नाही.

येतंय. एक. दोन. तीन, तीन म्हणजे ओढा, ओढते राजा, चार—

पाच.

पाच.

पाच कोणाला माहीत नाही. अंगणात ठरलं होतं. चादरींमागे, कपड्यांच्या दोरीवर, या दोरीवर कधीच नाही. मी धपाटा घातला होता. पुन्हा नाही म्हटलं होतं.

टिल्लूच आहे. तो सांगतो आहे मला. खरं सांगतो आहे.

कळलं. कळलं रे. कॅमेरा घेईन मी. सोडते.

दोरी ताठ झाली.

काकू मारा. हात ठेवला आहे. मारा आता मारा, जोरात, अजून, नाही उघडत, पुन्हा मा—